दुकानदाराचा धर्म

आपल्या भाषेंत 'धर्म' या शब्दानें जितके घोटाळे केले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दानें केले असतील. राजधर्म, शेजारधर्म, अतिथिधर्म असे समास आपण करतों तेव्हां धर्म म्हणजे कर्तव्य. ख्रिस्ती धर्म, पारशी धर्म असें म्हणतों तेव्हां धर्म म्हणजे श्रद्धा व आचार यांचा एक संप्रदाय. मग दुकानदाराचा धर्म कोणता? पायरी चढून येईल त्याला रोख दाम घेऊन माल द्यावा हा, कीं आपल्या श्रद्धेला जो व्यवहार पापमय वाटतो त्याला हात लावूं नये हा? पहिल्या अर्थानें पाहिलें तर ग्राहकाला परत पाठविणें हा अधर्म होय. दुसऱ्या अर्थानें पाहिलें तर त्याला परत न पाठविणें हाच अधर्म ठरतो. २०१३ ते २०२३ या काळांत ब्रिटन व अमेरिका या देशांच्या सर्वोच्च न्यायालयांस निदान चार वेळां या प्रश्नाला तोंड द्यावें लागलें, आणि त्या निमित्तानें जीं निकालपत्रें लिहिलीं गेलीं तीं केवळ वकिलांनीं वाचून कपाटांत ठेवावीं अशीं नाहींत. निकालपत्र हाही एक वाङ्मयप्रकारच आहे. त्यांत कथा असते, पात्रें असतात, आणि मुख्य म्हणजे वर्णन असतें; व घडलेल्या गोष्टीचें वर्णन कोणत्या शब्दांनीं केलें यावरच पुष्कळदां निकाल अवलंबून असतो. या दृष्टीनें या निकालपत्रांचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे.

प्रश्न मुळांत जुना आहे. इंग्लंडच्या रूढ कायद्यांत वाटसरूंसाठीं पथिकाश्रम चालविणाऱ्याला, जागा रिकामी असतां व पैसे मिळत असतां, आलेल्या पाहुण्याला दारांतून घालवून देण्याची मुभा नव्हती. १७०१ सालीं सरन्यायाधीश होल्ट यांनीं आपल्या एका भिन्न मतपत्रांत लोहाराचा दाखला दिला आहे. वाटेनें जाणाऱ्याच्या घोड्याचा नाल निसटला आणि लोहारानें नवा ठोकून देण्याचें नाकारलें तर त्याच्यावर फिर्याद चालेल. कारण जो सर्वांसाठीं म्हणून धंदा मांडतो तो सर्वांची सेवा करण्याचें बंधन आपण होऊनच पत्करतो. १९४३ सालीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटु लिअरी कॉन्स्टंटाइन यांना लंडनच्या इम्पीरियल हॉटेलानें त्यांच्या वर्णामुळें उतरूं दिलें नाहीं. दुसऱ्या हॉटेलांत त्यांची सोय लावण्यांत आली होती. तरीही १९४४ सालीं न्यायालयानें त्यांच्या हक्काचा भंग झाल्याचें मानून पांच गिनी नुकसानभरपाई दिली. रक्कम क्षुल्लक, परंतु 'येथें नाहीं तर शेजारीं मिळेल' हें नकाराचें समर्थन होऊं शकत नाहीं, हें तत्त्व क्षुल्लक नव्हे.

धर्माचा आधार घेऊन केलेला नकारही नवा नाहीं. अमेरिकेंत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानें खानावळींतील वर्णभेद बंद केला तेव्हां दक्षिण कॅरोलिनांतील 'पिगी पार्क' नांवाच्या खानावळींच्या मालकानें असा बचाव केला कीं, काळ्या-गोऱ्यांची सरमिसळ ईश्वरी इच्छेविरुद्ध असल्यामुळें हा कायदा आपल्या धर्मस्वातंत्र्यावर घाला घालतो. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या बचावाची वासलात एका तळटीपेंत लावली. तो उघडच पोकळ असल्याचें सांगून तें पुढें गेलें. १९६८ सालीं जें तळटीपेंत संपलें तेंच पन्नास वर्षांनीं पानेंच्या पानें व्यापून बसलें, आणि दुकानदार जिंकला. हें कसें झालें?

जुलै २०१२ मध्यें कोलोरॅडो संस्थानांतील लेकवुड गांवीं 'मास्टरपीस केकशॉप' या दुकानांत दोन पुरुष आपल्या विवाहाच्या समारंभासाठीं केक सांगावयास गेले. एकाची आई बरोबर होती. दुकानदार श्रद्धाळु ख्रिस्ती. वाढदिवसाचे केक, बिस्किटें, जें हवें तें देईन, पण अशा विवाहाचा केक करणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. केकचा आकार कसा, वर अक्षरें कोणतीं, याची बोलणी होण्यापूर्वींच भेट संपली. संस्थानच्या नागरी हक्क मंडळानें व अपील न्यायालयानें दुकानदाराला दोषी ठरविलें. ४ जून २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं तो निर्णय फिरविला. बहुमताचें निकालपत्र न्यायमूर्ति केनेडी यांचें आहे.

केनेडी यांची लेखणी भारदस्त. २०१५ सालीं समलिंगी विवाहाला अमेरिकेंत सर्वत्र मान्यता देणारें निकालपत्र त्यांनींच लिहिलें होतें. म्हणजे या खटल्यांत त्यांच्या दोन निष्ठांची गांठ पडली होती: विवाहेच्छूंच्या प्रतिष्ठेविषयींची व श्रद्धावंताच्या अंतःकरणाविषयींची. या झगड्यांतून एखादें श्रेष्ठ लेखन निर्माण व्हावयास हवें होतें. परंतु नाटकांतील दोन मुख्य पात्रांचा संघर्ष सोडवितां येईनासा झाला म्हणजे दुबळा नाटककार तिसऱ्याच पात्राला खलपुरुष करतो, तसें येथें झालें आहे. तें तिसरें पात्र म्हणजे नागरी हक्क मंडळ. त्याच्या एका सभासदानें जाहीर बैठकींत म्हटलें होतें कीं, धर्मस्वातंत्र्याच्या नांवाखालीं इतिहासांत गुलामगिरीचें व ज्यूंच्या संहाराचेंही समर्थन झालें आहे. हें विधान इतिहास म्हणून सर्वस्वीं खोटें नाहीं; परंतु न्यायासनावर बसलेल्यानें समोरच्या माणसाच्या श्रद्धेबद्दल तें असें उच्चारावें हें अनुचितच होतें, आणि केनेडी यांचा त्यावरील संताप रास्त आहे. मात्र या संतापाच्या आडून त्यांनीं मूळ प्रश्नच टाळला. मंडळानें निःपक्षपातीपणें ऐकून घेतलें असतें तर दुकानदार दोषी ठरला असता कीं नाहीं? याचें उत्तर निकालपत्रांत नाहीं. अखेरच्या परिच्छेदांत पुढील न्यायालयांनीं श्रद्धेचा अवमान न करतां व समलिंगी व्यक्तींचा भर बाजारांत पाणउतारा होऊं न देतां असे खटले सहिष्णुतेनें सोडवावे, एवढा उपदेश आहे. उपदेश सुंदर आहे. पण निवाडा मागावयास आलेल्याच्या हातीं सुभाषित ठेवणें हा न्याय नव्हे.

खरें रसग्रहणीय लेखन याच खटल्यांतील दोन सहमतिपत्रांत सांपडतें. तीं न्यायमूर्ति केगन व न्यायमूर्ति गॉर्सच यांचीं. वादाचें निमित्त असें: याच संस्थानांत एका गृहस्थानें तीन दुकानांत जाऊन समलिंगी विवाहाचा निषेध करणारीं बायबलांतील वचनें असलेले केक मागितले होते, तिघांनींही नकार दिला, आणि मंडळानें त्या तिघांना निर्दोष ठरविलें. हा पक्षपात नव्हे काय? केगन म्हणतात, नव्हे. कारण तसला केक त्या तिघांनीं कोणत्याही ग्राहकासाठीं केला नसता, परंतु लेकवुडच्या दुकानदारानें विवाहाचा केक इतरांना विकला असता व या दोघांनाच नाकारला. गॉर्सच यांचें उत्तर असें कीं, ही शब्दांची हातचलाखी आहे. एका ठिकाणीं वस्तूचें नांव 'विशिष्ट मजकुराचा केक' असें नेमकें घ्यावयाचें आणि दुसऱ्या ठिकाणीं नुसतें 'विवाहाचा केक' असें ढोबळ घ्यावयाचें, हा न्याय कोणता? दुसरी वस्तु 'समलिंगी विवाहाचा केक' असें म्हणा. मग तोही दुकानदारानें कोणालाच विकला नसता.

हा वाद वस्तूला नांव देण्याचा आहे, आणि म्हणूनच तो साहित्याच्या अभ्यासकाच्या अधिकारांत येतो. आपल्या बाजारांतलें उदाहरण घेऊं. परीक्षेचे निकाल लागले म्हणजे मिठाईवाल्याकडे पेढ्यांसाठीं रीघ लागते. समजा, एखादा मिठाईवाला म्हणाला, "मी पेढे सर्वांनाच विकतों, पण मुसलमानाचा मुलगा पास झाल्याचे पेढे हा जिन्नस मात्र माझ्या दुकानांत मिळत नाहीं, आणि तो मी कोणालाच विकत नाहीं." यावर आपण हंसूं, कारण खवा तोच, साखर तीच, वेलची तीच, फक्त घेणाऱ्याची ओळख उचलून वस्तूच्या नांवांत घातली आहे. आमच्या मतें कसोटी ही: ग्राहक कोण हें न सांगतां जिन्नसाचें वर्णन पुरें होतें काय? वचनांचा केक अमुक अक्षरांचा, अमुक चित्राचा, असें त्याचें वर्णन ग्राहकाचें नांव न घेतां पुरें होतें. 'समलिंगी विवाहाचा केक' याचें वर्णन, वर कांहींच लिहावयाचें नसतां, घेणाऱ्यांकडे बोट दाखविल्याखेरीज पुरें होत नाहीं. म्हणून पहिला नकार मजकुराला होता, दुसरा माणसांना. गॉर्सच यांची भाषा धारदार आहे, पण ती या भेदावरून घसरते.

हाच भेद ब्रिटनच्या न्यायमूर्ति लेडी हेल यांच्या दोन निकालपत्रांत अधिक साध्या भाषेंत दिसतो. पहिलें नोव्हेंबर २०१३ चें. कॉर्नवॉलमधील एक ख्रिस्ती दांपत्य आपल्या घरींच हॉटेल चालवीत असे. दुहेरी बिछान्याची खोली फक्त विवाहितांना, असा त्यांचा नियम. २००८ सालीं कायद्यानें नोंदलेल्या सहजीवनांतील दोन पुरुषांना त्यांनीं ती खोली नाकारली. त्या काळीं अशा जोडप्याला विवाह करण्याची मुभाच नव्हती. तेव्हां 'फक्त विवाहितांना' या सोज्ज्वळ शब्दांचा अर्थ 'तुम्हांला कधींच नाहीं' असा होत होता. न्यायालयानें हॉटेलवाल्यांचें अपील फेटाळलें. लेडी हेल यांनीं निर्णय देतांना बजावलें कीं, उद्यां याच दोन पुरुषांनीं हॉटेल काढून या ख्रिस्ती दांपत्याला त्यांच्या श्रद्धेमुळें खोली नाकारली तर कायदा त्यांनाही हेंच सांगेल. एवढ्या एका वाक्यानें जो समतोल साधला आहे तो केनेडी यांच्या सगळ्या वक्तृत्वाला साधलेला नाहीं.

दुसरें ऑक्टोबर २०१८ चें, बेलफास्टच्या 'अॅशर्स' बेकरीचें. २०१४ सालीं एका गृहस्थानें साडेछत्तीस पौंडांचा केक सांगितला व त्यावर समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे शब्द लिहावयास सांगितले. मालकांनीं पैसे परत केले. खालच्या दोन्ही न्यायालयांनीं त्यांना दोषी धरलें. सर्वोच्च न्यायालयानें पांचही न्यायमूर्तींच्या एकमतानें सोडलें. ज्या लेडी हेल यांनीं हॉटेलवाल्यांच्या विरुद्ध निर्णय दिला त्यांनींच बेकरीवाल्यांच्या बाजूनें दिला, आणि यांत विसंगति नाहीं. हॉटेलवाल्यांचा आक्षेप पाहुण्यांना होता. बेकरीवाल्यांचा त्या शब्दांना. तो मजकूर घेऊन कोणीही आलें असतें तरी त्यांनीं तो लिहिला नसता. आपल्याला न पटणारें मत आपल्या हातानें लिहावयास कोणालाही भाग पाडूं नये. उद्यां एखाद्या नास्तिक छापखानेवाल्याला धर्मप्रचाराचें पत्रक छापण्याची सक्ति झाली तर आपल्याला आवडेल काय? निकालपत्राला जोडलेल्या पुरवणींत त्यांनीं लेकवुडच्या खटल्याचा परामर्श घेऊन हाच भेद पुन्हां मांडला आहे.

येथवर मार्ग स्पष्ट होता. ३० जून २०२३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं दिलेल्या निकालानें तो पुन्हां धुक्यांत गेला. संस्थान तेंच, कायदा तोच. या वेळीं विवाहांसाठीं संकेतस्थळें रचून देऊं इच्छिणारी एक व्यावसायिका. तिनें असें एकही काम अद्याप केलेलें नव्हतें. पुढें सक्ति होईल या भीतीनें ती आधींच न्यायालयांत गेली. निकालपत्र गॉर्सच यांचें. त्यांत धर्माचा आधार जवळजवळ सोडलाच आहे. सारी इमारत उच्चारस्वातंत्र्यावर उभी आहे. संकेतस्थळ शब्दांचें व चित्रांचें असतें, तेव्हां तें रचणें म्हणजे बोलणें, आणि कोणालाही नको तें बोलावयास लावतां येत नाहीं. यांतील अखेरचें विधान निर्विवाद आहे. पण धंदेवाईक कारागिरी कोठें संपते आणि बोलणें कोठें सुरू होतें, याची रेघ हें निकालपत्र ओढीत नाहीं. लग्नपत्रिका छापणारा, फुलांची सजावट करणारा, छायाचित्रें काढणारा, सनई वाजविणारा, हे सारे आपापल्या परीनें कांहींतरी 'बोलतात'च. न्यायमूर्ति सोटोमेयॉर यांच्या भिन्न मतपत्रांतील मुख्य तक्रार अशी कीं, सर्वांना खुला असलेल्या धंद्याला संरक्षित वर्गांतील ग्राहक नाकारण्याचा घटनात्मक हक्क न्यायालयानें प्रथमच बहाल केला आहे. या तक्रारीला बहुमताच्या पत्रांत समाधानकारक उत्तर आम्हांस आढळलें नाहीं.

हा सारा वाद दूरच्या देशांतला, आपला त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. पण धर्माच्या नांवानें ग्राहकाला परत पाठविण्याची कला आपल्याइतकी दुसऱ्या कोणत्या समाजाला अवगत होती? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यांतील बाळपणाची एक हकीकत दिली आहे. गांवांत न्हावी नव्हते असें नाहीं. घरांत पैसे नव्हते असेंही नाहीं. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावावयास एकही न्हावी तयार नव्हता, म्हणून भावंडांचे केस थोरली बहीणच कापीत असे. पुढें अमेरिकेंत व इंग्लंडांत शिकून हा मुलगा बडोद्यास नोकरीवर आला तेव्हां पारशी पथिकाश्रमांत त्याला पारशी नांव घेऊन राहावें लागलें, आणि बिंग फुटल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावानें त्याला बाहेर काढलें. 'येथें नाहीं तर दुसरीकडे जा' असें जे म्हणतात त्यांनीं हीं दोन पानें वाचावीं. नकार जेव्हां श्रद्धेचा असतो तेव्हां तो एका दुकानाचा राहत नाहीं. एका श्रद्धेचीं सारीं दुकानें एकाच वेळीं बंद होतात. आणि 'ही तर आमची खाजगी मालमत्ता' हा युक्तिवादही आपल्याला परिचयाचा आहे. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्यांनीं घेतल्यावर तळें खाजगी असल्याचा दावा लावण्यांत आला, व तो मुंबई उच्च न्यायालयांत १९३७ सालीं कोसळून पडला.

म्हणून घटना समितींत २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं आंबेडकरांनीं 'दुकान' या शब्दाचा जो अर्थ सांगितला त्याला आम्ही या सर्व निकालपत्रांच्या वर स्थान देतों. आज घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या पोटकलमांत दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें व करमणुकीचीं ठिकाणें यांत केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून कोणासही मज्जाव करतां येत नाहीं. हें बंधन सरकारप्रमाणें खाजगी माणसावरही आहे. 'दुकान' म्हणजे काय, असें विचारलें गेलें तेव्हां आंबेडकरांनीं उत्तर दिलें तें असें कीं, सेवा मागावयास येईल त्या कोणालाही ती देण्याची मालकाची तयारी असते ती जागा म्हणजे दुकान. त्यांत डॉक्टर व वकील येतात काय? येतात, सेवा देऊं करणारा प्रत्येकजण येतो. होल्ट यांच्या लोहाराचें तत्त्वच हें. पण अडीचशें वर्षांनंतर तें अशा माणसाच्या तोंडून आलें कीं ज्याला लोहाराच्या दारांतून परतण्याचा अर्थ ठाऊक होता. १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्यतेच्या कारणावरून माल वा सेवा नाकारणें हा गुन्हाही ठरविला. कायदा झाला म्हणून नकार संपले नाहींत, हें वृत्तपत्र वाचणाऱ्यास सांगावयास नको. भाड्याची जागा शोधणाऱ्याला आडनांव विचारलें जातें तें कशासाठीं, हें सर्वजण जाणतात.

एवढें झाल्यावर श्रद्धावंताची बाजू उडवून लावणें सोपें आहे, पण तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. लेकवुडच्या दुकानदाराचें म्हणणें असें होतें कीं, आपलें काम हीच आपली ईश्वरसेवा. आपल्याला हें म्हणणें परकें वाटूं नये. सांवता माळ्याचा मळा, गोरोबांचें चाक, यांची परंपरा सांगणाऱ्या समाजानें तरी धंदा व भक्ति हे दोन वेगळे कप्पे आहेत असें म्हणूं नये. हाताच्या कामांत ज्याचा जीव ओतलेला आहे त्याला तें काम आपल्या श्रद्धेविरुद्ध करावयास लावणें ही खरीखुरी यातना आहे. पण कुंभाराचें मडकें विकलें गेल्यावर त्यांत कोण काय शिजवितो याचें पाप वा पुण्य कुंभाराला लागत नाहीं, हेंही त्याच परंपरेचें शहाणपण आहे. जें त्याच्या स्वतःच्या तोंडीं घातलें जातें, म्हणजे मजकूर, घोषणा, वचन, तें त्यानें खुशाल नाकारावें. कायद्यानें त्याच्या पाठीशीं उभें राहावें. परंतु जो जिन्नस तो इतरांसाठीं नित्य करतो तो घेणाऱ्याचें तोंड पाहून त्यानें नाकारूं नये.

आणि यांतूनही ज्याचें मन मानीत नाहीं त्याला एक मार्ग उरतोच. नागरी हक्क मंडळाच्या हुकुमानंतर लेकवुडच्या दुकानदारानें लग्नाचे केक करणेंच थांबविलें होतें. कोणालाच नाहीं. यांत त्याचें नुकसान होतें, पण आम्हांस त्याचें हें कृत्य त्याच्या मूळच्या नकारापेक्षां अधिक धार्मिक वाटतें. जो एखादा जिन्नस सर्वांसाठींच बंद करतो तो आपल्या श्रद्धेची किंमत आपल्या गल्ल्यांतून देतो. जो निवडक माणसांसाठीं बंद करतो तो ती किंमत त्यांच्या अब्रूंतून वसूल करतो. साऱ्या धर्मांच्या संतांनीं व्रताचा खर्च व्रत करणाऱ्यावर टाकला आहे, दारीं आलेल्यावर नव्हे. 'धर्म' शब्दाचे जे दोन अर्थ आरंभीं एकमेकांशीं भांडत होते त्यांचा मेळ बसतो तो येथेंच.